डावा दांडा

तपासणीवाल्या साहेबांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारीच गाडीखालच्या सगळ्या नटांमधून तार ओवून शिशाची मोहोर मारली आणि मापकाकांची शेवटची पळवाट बंद झाली. मोहोर नसती तर ते सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गाडीखाली शिरले असते, तासाभरात काम उरकलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. असा तासभर त्यांना गेल्या बत्तीस वर्षांत हजार वेळा मिळाला होता. तेव्हा त्यांनी हात हलवला नाही. तहान लागल्यावर विहीर खणणारे लोक आपण पाहतो आणि हसतो, पण मापकाका त्यांतले वाटत नसत. सगळ्या कारखान्यात त्यांच्याइतका काटेकोर माणूस नव्हता. म्हणून तर त्यांना मापकाका म्हणत.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, चौदा माणसं, एक भट्टी आणि वेल्डिंगची दोन यंत्रं. तिथे गाडी तयार होत असे. खरीखुरी, चार चाकांची, चार माणसं बसतील अशी गाडी. कागदोपत्री तिला काहीतरी भारदस्त नाव होतं, पण लोक तिला डबी म्हणत आणि कारखान्यातलेही डबीच म्हणत. वर्षाला सहा, फार तर सात डब्या बाहेर पडायच्या. बत्तीस वर्षांत दोनशे बारा झाल्या. मोठ्या कंपन्या तेवढ्या जेवणाच्या सुट्टीच्या आत काढत असतील. पण डबी घेणारी माणसं वेगळी होती. पाववाला होता, दाईबाई होत्या, दोन-तीन मास्तर होते. गाडी बिघडली की ती कुणी केली त्यालाच जाऊन विचारता येतं, याचं त्यांना अप्रूप होतं.

अशा लहानसहान गाड्या करणारे एके काळी त्या भागात आठ जण होते. एकाने प्लायवूडची गाडी केली. पहिल्याच ओल्या हवेत तिची दारं फुगली आणि आत बसलेले आतच राहिले. एकाने मागची सीट उलट्या तोंडाची बसवली, म्हणजे मागच्यांना गेलेला रस्ता दिसावा. मागच्यांना उलट्या झाल्या. दोघे भाऊ होते, त्यांची गाडी खरोखर चांगली होती, पण त्यांचं भांडण झालं. थोरल्याने इंजिनाचे साचे नेले, धाकट्याने वरच्या पत्र्याचे, आणि दोघेही आपापला अर्धा भाग घेऊन म्हातारे झाले. असे एकेक करत सात गेले. आठवे उरले ते या कारखान्याचे मालक.

आणि आता नियम आला होता. गाडी करणारा लहान असो की मोठा, त्याच्या गाडीने तीन फेऱ्यांची परीक्षा द्यायची. चाळीसच्या वेगाने, साठच्या, मग ऐंशीच्या. पांढऱ्या पट्ट्यापाशी आलं की ब्रेक पूर्ण दाबायचा आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात वर उचलायचे. गाडीने दोन रेघांच्या मधे, आपली आपण, सरळ थांबायचं. रेघेबाहेर गेली की कारखान्याला कुलूप. सवलत एकच होती. शेवटच्या फेरीआधी एका भागाची दुरुस्ती मागता येत होती, तीही दोन तासांत आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत. अर्जावर लिहायचं, काय बदलणार आणि का बदलणार.

त्या 'का'पाशी मापकाकांचं घोडं पेंड खात होतं.

डबी डावीकडे ओढत असे. हे सगळ्यांना माहीत होतं. नवीन गाडी घेणाऱ्याला वेल्डर हसत सांगायचा, "स्टिअरिंग जरा उजवीकडे धरायचं, बास. स्वभाव आहे तिचा." लोकही धरायचे. त्या रस्त्यांवर कुणी चाळिसाच्या पुढे जात नव्हतं, त्यामुळे स्वभाव चालून गेला. पण स्वभाव कशामुळे आला ते जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

झालं होतं असं. मापकाका तरुणपणी खाटा करायचे. मालक तेव्हा पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि डोक्यात गाडी होती. "आधी लाकडात करू, मग लोखंडात," म्हणून त्यांनी सुतार शोधला, तो हा. मालकांनी कागद घेतलाच नाही. शेडच्या जमिनीवर खडूने पूर्ण मापाची गाडी काढली. तीन महिने सगळे त्या खडूच्या गाडीला वळसा घालून चालत. मापकाकांनी तिच्यावरून लाकडी साचे केले, साच्यांवरून लोखंड वाकलं, आणि एक दिवस पहिली गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. त्या आनंदात कुणीतरी उत्साहाने सगळी शेड धुवून काढली. साचेही भट्टीत गेले, आता त्यांचं काय काम म्हणून. तेव्हापासून पहिली गाडी हाच नकाशा झाला. तिचं नाव पडलं थोरली. कुठल्याही मापाची शंका आली की म्हणायचे, "थोरलीला विचार." मग टेप घेऊन थोरलीपाशी जायचं, तिचं माप घ्यायचं आणि तसंच्या तसं पुढच्या गाडीत करायचं. मापं घ्यायचं काम मापकाकांचं.

पण दुसरी गाडी सुरू होण्याआधी मधे एक सुट्टी आली होती. मापकाकांचे सासरे जरा खवचट गृहस्थ होते. जावयाला ते 'आमचे खाटवाले' म्हणायचे. गाडीच्या कारखान्यात लागलो म्हटल्यावर म्हणाले, "असं का? मग गाडी कुठाय?" हे वाक्य मापकाकांच्या जिव्हारी लागलं. मालक बाहेरगावी, किल्ली खिळ्याला. त्यांनी थोरली काढली आणि थेट सासुरवाडी गाठली. सासऱ्यांनी दोन चकरा मारून घेतल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'जावईबापू' म्हटलं. परत येताना मापकाकांची छाती गाडीत मावत नव्हती. एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने ते रस्त्यातल्या ओळखीच्यांना हात करत होते. तिसऱ्या ओळखीच्याला हात करताना पुढचं डावं चाक मैलाच्या दगडावर गेलं.

पत्र्याला ओरखडा नव्हता. पण पुढच्या प्रत्येक चाकाला जागेवर धरून ठेवणारा एक लोखंडी दांडा असतो, डावीकडचा वाकला. मापकाकांनी संध्याकाळ व्हायच्या आत तो काढला, भट्टीत लाल केला, ठोकून सरळ केला आणि परत बसवला. सरळ दिसत होता. टेप लावली, तर सव्वाअकरा इंचांचा दांडा अकराच भरला. सुतारी भाषेत दोन सूत आखूड, म्हणजे चाक दोन सूत मागे. पुढच्या आठवड्यात गुपचूप नवा करून टाकू, असं त्यांनी ठरवलं.

पुढच्या आठवड्यात मालकांनी दुसरी गाडी सुरू केली. वेल्डर तेव्हा नवा होता, हौसेने स्वतःच टेप घेऊन थोरलीखाली गेला आणि आतून ओरडला, "उजवा सव्वाअकरा, डावा अकरा! असं कसं?"

सगळ्यांनी मापकाकांकडे पाहिलं. आणि मापकाका, ज्यांना एरवी खोटं बोलताना घाम फुटायचा, ते एका दमात म्हणाले, "ड्रायव्हर उजवीकडे बसतो ना? वजन उजवीकडे. म्हणून डावा आखूड. मालकांनी विचार करून केलंय."

इतकं पटण्यासारखं होतं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. मालक पलीकडे इंजिनात डोकं घालून उभे होते. ते क्षणभर थांबले, वळले, आणि म्हणाले, "हं. बरोबर."

मालकांचं लक्ष नसेल, असं मापकाका धरून चालले. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग तिसरी गाडी झाली, दहावी झाली, शंभरावी झाली. उजवे दांडे लाल रंगाचे, डावे निळे, म्हणजे अदलाबदल नको. भिंतीवर पाटी लागली: डावा अकरा. ती पाटी मापकाकांच्याच अक्षरात होती. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं त्यांना त्या भिंतीजवळून जाताना खवखवायचं. पण सवय वाईट असते. दहा-पंधरा वर्षांनी खवखवही बोथट झाली.

आणि आज ती जुनी चूक ऐंशीच्या वेगाने त्यांच्या मुलीच्या अंगावर येणार होती.

कारण गाडी चालवणार होती त्यांची लेक. ती शेडमध्येच वाढली, मालकांना आजोबा म्हणत मोठी झाली, आणि प्रत्येक डबी गिऱ्हाइकाला देण्याआधी तीच चालवून बघायची. कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत. परीक्षा कोण देणार हा प्रश्नच कुणी विचारला नाही.

परीक्षेसाठी साहेबांनी कालव्याच्या कडेचा सरळ रस्ता निवडला होता, कारखान्यापासून दीड कोसावर. दोन्ही टोकांना पिंपं ठेवून रस्ता बंद केला होता. उजवीकडे शेतांची उतरण. डावीकडे डांबर संपलं की पाच फूट मुरूम, आणि मग कालवा. काठ दगडी, पाणी दोन पुरुष खोल. मापकाकांनी त्या मुरुमाची रुंदी मनातल्या मनात तीनदा मोजली.

ताईने केस घट्ट बांधले होते. माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती सीटांवर चढवून ती पट्ट्याने बांधत होती.

"बाबा, चहा तसाच थंड झाला तुमचा."

"नको मला."

"परीक्षा माझी आहे की तुमची?"

ते हसले नाहीत. जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "ब्रेक अगदी तळापर्यंत दाबू नकोस."

"तळापर्यंतच दाबायचाय. नियम आहे."

"मग हात पूर्ण उचलू नकोस. करंगळी टेकवून ठेव. कुणाला दिसतंय?"

ताईने हातातला पट्टा खाली ठेवला आणि बापाकडे नीट पाहिलं. "बाबा, तुम्ही मला लबाडी शिकवताय? तुम्ही? अर्धं सूत चुकलं म्हणून तुम्ही वेल्डरकाकांकडून आख्खं दार परत करून घेतलंय."

मापकाकांना बोलायची ही पहिली संधी होती. ते म्हणाले, "सांभाळून जा." आणि बाजूला झाले.

पहिली फेरी चाळिसाची. साहेबांनी निशाण खाली केलं, डबी गुरगुरत आली, पट्ट्यापाशी ताईने दोन्ही हात वर केले आणि टायर ओरडले. गाडी थांबली. साहेब टेप घेऊन वाकले. ते शांत, कोरड्या आवाजाचे गृहस्थ होते. मुद्दाम वाईट वागत नव्हते आणि मुद्दाम चांगलंही वागत नव्हते. "डावीकडे एक फूट," ते म्हणाले आणि लिहून घेतलं. "पास."

वेल्डरने टाळी वाजवली. मालक पिंपाला टेकून उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी. त्यांनी टाळी वाजवली नाही. ते गाडीच्या डाव्या चाकाकडे बघत होते.

मापकाकांच्या डोक्यात हिशेब चालू झाला होता, तो काही केल्या थांबेना. चाळिसाला एक फूट. रेघेपर्यंत जागा तीन फूट. वेग दीडपट झाला की ओढ दीडपट होत नाही, जास्त होते, हे त्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं, पण हातांना माहीत होतं. आता सांगावं. आता तरी. पण बत्तीस वर्षांचा मान, 'काकांना विचारा' म्हणणारी ती चौदा तोंडं, आणि मालक. मालकांपुढे मान वर करून काय सांगायचं? की तुमची गाडी मी सासऱ्याला दाखवायला नेली होती? साठला निघेल, त्यांनी स्वतःला समजावलं. साठला नक्की निघेल.

निशाण पडलं.

या वेळी ओरडणं लांबलं. हात उचलताच गाडीने तोंड फिरवलं, मागचा भाग उजवीकडे झोकला गेला, आतली पोती पट्ट्याला ताणली गेली. गाडी थांबली तेव्हा पुढचं डावं चाक बरोबर पांढऱ्या रेघेवर उभं होतं. मागे रबराचा काळा, वाकडा पट्टा उमटला होता.

साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. "रेघेवर आहे. रेघेबाहेर नाही," ते शेवटी म्हणाले. "नियमाने पास." मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पहिल्यांदाच नियमात नसलेलं काहीतरी बोलले. "ऐंशीला काय होईल याची जबाबदारी माझी नाही. इथेच थांबायचं असेल तर तसं सांगा. मी नापास लिहितो आणि आपण सगळे घरी जाऊ."

मालक काठी टेकत पुढे आले. "पोरी, उतर. नको."

ताई स्टिअरिंग सोडेना. "आजोबा, चौदा घरं आहेत. चाक आतच होतं ना? परत आतच राहील."

"दुरुस्ती मागायची आहे का?" साहेबांनी विचारलं.

"कशाची मागणार?" मालक हताशपणे म्हणाले. "कुठे बिघडलंय तेच कळत नाही."

मापकाका दहा पावलांवर उभे होते. त्यांनी हे वाक्य ऐकलं. ताईने गाडी वळवली आणि ती अर्ध्या मैलावरच्या सुरुवातीच्या खुणेकडे निघाली.

ते चालायला लागले. आधी रस्त्याच्या कडेने, मग मधून, आणि मग पळत. वय त्रेसष्ट. गुडघे कधीच गेलेले. पायातली एक चप्पल सुटली तरी थांबले नाहीत. मागून साहेब ओरडत होते, "अहो, रस्ता मोकळा करा!" वेल्डर ओरडत होता, "काका!" पुढे डबी वळून उभी राहिली होती आणि इंजिनाचा आवाज चढत होता. ताई निशाणाची वाट बघत होती, आणि निशाणाच्या ऐवजी तिला समोरून धापा टाकत येणारा बाप दिसला.

त्यांनी येऊन दोन्ही तळहात बॉनेटवर टेकवले.

"उतर."

"बाबा, बाजूला व्हा."

"उतर म्हणतो ना!"

"तुम्हाला झालंय काय? साहेब फेरी रद्द करतील!"

"करू देत. मी हलणार नाही. चालव माझ्या अंगावरून."

तिने इंजिन बंद केलं. तोवर साहेब, मालक आणि वेल्डर साहेबांच्या गाडीतून तिथे पोचले होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मापकाकांना श्वास घेता येत नव्हता, तरी बोलले. थांबले असते तर परत बोलता आलं नसतं.

"साहेब, दुरुस्ती मागायचीये. डावा दांडा बदलायचाय."

"कारण?" साहेबांनी अर्ज काढला.

"तो आखूड आहे."

वेल्डर मधेच म्हणाला, "काका, तो आखूडच असतो. मालकांनी विचार करून—"

"मालकांनी नाही केला. मी केला."

आणि त्यांनी सांगितलं. सासरे, सुट्टी, खिळ्यावरची किल्ली, मैलाचा दगड, भट्टी, सगळं. हात कशासाठी वर केला होता तेही सांगितलं. ऐकायला हास्यास्पद वाटत होतं, आणि कुणी हसत नव्हतं. साहेब लिहीत होते. वेल्डर आपल्या हातांकडे बघत होता. दोनशे अकरा डावे दांडे त्याने त्या हातांनी बसवले होते.

मालकांनी एवढंच विचारलं, "किती आखूड?"

"दोन सूत. मूळचा सव्वाअकरा होता. दोन्ही सारखे होते."

"सारखे होते," मालक म्हणाले. त्यांनी ते दोन शब्द परत एकदा, स्वतःशीच म्हणून बघितले. "म्हणजे डावा आखूड मी केला नव्हता."

"नाही."

"मला वाटत होतं, मीच केला." म्हाताऱ्याने काठी दोन्ही हातांत धरली. "तू त्या दिवशी म्हणालास, मालकांनी विचार करून केलंय. मला तर काही आठवेना, का केलं ते. पण सगळ्यांसमोर कसं म्हणणार, आठवत नाही म्हणून? म्हटलं, हं, बरोबर. नंतर किती वर्षं हिशेब मांडून बघितला. आखूड का असावा, उत्तरच मिळेना. आपलंच केलेलं आपल्याला कळत नाही, म्हटल्यावर माणसाने दुसरी नवी गाडी कुठल्या तोंडाने करायची? म्हणून हीच करत राहिलो. तुम्हाला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे."

मापकाकांना वाटलं होतं, मालक ओरडतील, काठी उगारतील. ती त्यांनी सोसली असती. हे सोसवत नव्हतं. त्यांनी हात जोडले, पण मालक तिकडे बघत नव्हते.

"तुमचे दोन तास सुरू झाले," साहेब म्हणाले.

कारखान्यात पोचेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. भोक न पाडलेले कोरे दांडे फळीवर पडलेले होते. मापकाकांनी एक उचलला, टेप लावली, आणि सव्वाअकरावर खूण ठोकायला टोकदार पोगर हातात घेतला. टोक जागेवर ठरेना. एकदा घसरला, लोखंडावर ओरखडा उठला. मागे साहेब उभे, घड्याळ हातात. वेल्डरने पुढे होऊन त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता, पण धरून राहिला. हातोडी पडली. खूण बरोबर बसली. मग ड्रिल, मग कानस, मग परत कालव्याच्या रस्त्यावर, साहेबांनी मोहोर तोडली, आणि मापकाका त्या गाडीखाली शिरले. एक नट सुटेना. तेल ओतलं, पाना घसरला, बोटं सोलवटली. वरून साहेबांचा आवाज आला, "बावीस मिनिटं." नट सुटला. निळा दांडा खाली पडला, नवा, रंग न दिलेला वर चढला. "बारा मिनिटं." ते बाहेर आले तेव्हा शर्टाला रक्त लागलं होतं आणि सात मिनिटं उरली होती.

ताई इतका वेळ पिंपावर बसून होती. ती कारखान्यात आली नव्हती. बापाच्या हाताला लागलेलं तिने पाहिलं आणि गाडीत जाऊन बसली.

"मी बसतो बरोबर," मापकाका म्हणाले.

"नियमात नाही," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

निशाण पडलं. डबीला ऐंशी गाठताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. आवाज वेगळाच होता, पत्रा थडथडत होता. मापकाकांना डोळे मिटायचे होते, पण त्यांनी उघडे ठेवले. तेवढं तरी बघायला हवं होतं. पट्टा आला. काचेतून दोन हात वर गेलेले दिसले, कोपरापर्यंत उघडे, रिकामे. टायर किंचाळले, धूर उठला, गाडीचं नाक जमिनीला टेकतं की काय असं झुकलं, आणि डबी ओळंबा धरल्यासारखी सरळ रेषेत घसरत जाऊन थांबली. हात अजून वरच होते.

साहेबांनी टेप लावली. मग उभे राहून चष्मा पुसला. "चार बोटं," ते म्हणाले. "उजवीकडे. पास." त्यांनी सही केली, शिक्का मारला, कागद मालकांच्या हातात दिला.

वेल्डर मोठ्याने रडला. मालक कागद न वाचता गाडीच्या मागे चालत गेले. रस्त्यावर रबराच्या दोन काळ्या रेघा होत्या, सरळ, शेजारी शेजारी. त्या जिथे सुरू झाल्या तिथपर्यंत ते काठी टेकत गेले आणि परत आले.

"चांगली होती रे ही गाडी," ते मापकाकांना म्हणाले. "पहिल्यापासून चांगली होती." मग म्हणाले, "दोनशे दहा बाहेर आहेत. उद्यापासून एकेकाला बोलाव. दांडा बदलायचा. आणि का बदलतोय, ते प्रत्येकाला तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने."

"हो," मापकाका म्हणाले.

साहेब गेले. वेल्डर मालकांना घेऊन पुढे गेला. रस्त्यावर बापलेक राहिले. ताई वाळूची पोती उतरवत होती. ते मदतीला गेले, तर ती म्हणाली, "राहू द्या. हाताला लागलंय तुमच्या."

तिने एक पोतं उतरवलं. दुसरं उतरवलं. मग मागे न वळता विचारलं, "साठच्या फेरीला तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"चाळीसच्या?"

"हो गं."

"तेव्हाही गाडीत मीच होते ना?"

त्यांना काहीतरी सांगायचं होतं. साठला निघेल असं वाटलं होतं, हे सांगायचं होतं. ते तोंडापर्यंत आलं आणि त्यांना स्वतःलाच ऐकवेना. "मालकांची लाज वाटत होती," ते म्हणाले.

ताई वळली. तिचे डोळे कोरडे होते. "आणि चाक रेघेवर थांबलं नसतं तर?"

कालव्याचं पाणी डावीकडे शांत वाहत होतं. मापकाकांनी तिकडे पाहिलं. ती उगाच विचारत नव्हती, तिला उत्तर हवं होतं. ते पाण्याकडेच बघत होते. मग तिने शेवटचं पोतं एकटीनेच उचललं.